ऐंशी जागांचे गणित

नाशिकरोडहून पूर्वेकडे निघाले असता औष्णिक विद्युत केंद्राच्या धुरांड्यांवरून दुरूनच ओळखू येणारे आमचे एकलहरे हे खेडे आहे की शहर, या प्रश्नाचे उत्तर सरकारच्या दोन दफ्तरांत दोन निरनिराळ्या प्रकारांनी दिलेले आढळते. जनगणना खात्याने त्याची गणना नगरांत केली आहे. ग्रामविकास खात्याच्या लेखी मात्र तेथे ग्रामपंचायत नांदते, आणि जेथे ग्रामपंचायत आहे तेथे गाव आहे, हे त्या खात्याचे तर्कशास्त्र आपल्या परीने बिनतोडच म्हटले पाहिजे. गोदावरीचे पाणी, रेल्वेने येणारा कोळसा आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेला नोकरवर्ग यांच्या योगाने १९७० च्या सुमारास ज्या गावाचे रूप पालटले, त्याच्या वसाहतीत शहराचे आणि शिवारात खेड्याचे जीवन शेजारी शेजारी चालत आले आहे, आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटण्याचे कारणही नव्हते. परंतु ज्या घरात पाचवीत शिकणारे मूल आहे आणि ज्या घराने त्याला नवोदयच्या परीक्षेस बसविण्याचे मनावर घेतले आहे, त्या घरात हा निरुपद्रवी प्रश्न एकाएकी महत्त्वाचा होऊन बसतो. कारण त्या परीक्षेत मुलाचे गुण जितके मोजले जातात तितकेच, किंबहुना त्याच्याही आधी, त्याची शाळा कोणाच्या हद्दीत होती हे पाहिले जाते.

नवोदयची परीक्षा म्हणजे काय, हे आमच्या भागातील बहुतेक पालकांना ठाऊक आहे असा एक सार्वत्रिक समज आहे, आणि तो बराचसा चुकीचा आहे. परीक्षा कठीण असते, हजारो मुले बसतात, थोडी लागतात, लागलेल्यांचे कल्याण होते, एवढेच बहुधा ठाऊक असते. नवोदय विद्यालये १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून निर्माण झाली. त्याआधी १९८५-८६ या वर्षी जी दोन विद्यालये प्रयोगादाखल सुरू करण्यात आली, त्यांपैकी एक हरियाणातील झज्जरचे आणि दुसरे आपल्या अमरावतीचे होते. राजीव गांधी पंतप्रधान आणि पी. व्ही. नरसिंह राव मनुष्यबळ विकास मंत्री असताना ही योजना आकारास आली. नरसिंह रावांनी त्यापूर्वी १९७१ मध्ये, आंध्र प्रदेशाच्या कारभारात असताना, नलगोंडा जिल्ह्यातील सर्वेल येथे ग्रामीण मुलांसाठी निवासी शाळा उभी केली होती, आणि त्या अनुभवाची छाया नव्या योजनेवर स्पष्ट पडलेली दिसते. खेड्यातील बुद्धिमान मुलास, त्याच्या बापाची ऐपत न पाहता, निवास, भोजन, गणवेश आणि पुस्तके यांसह उत्तम शिक्षण सरकारी खर्चाने द्यावे, हा त्या योजनेमागचा हेतू होता, आणि तो निःसंशय स्तुत्य होता. आज देशात अशी साडेसहाशेहून अधिक विद्यालये आहेत. एकट्या तामिळनाडूने त्रिभाषा सूत्राच्या वादापायी ती आपल्या राज्यात येऊ दिली नाहीत. नाशिक जिल्ह्याचे विद्यालय दिंडोरी तालुक्यात खेडगाव येथे आहे.

आता खेडगावच्या सहावीत दरसाल किती मुले घेतली जातात? जास्तीत जास्त ऐंशी. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणे या जिल्ह्याची लोकसंख्या एकसष्ट लाखांच्या घरात होती. पंधरा तालुक्यांनी ऐंशी जागांस भागले तर तालुक्यामागे पाच जागा पडतात आणि काही शिल्लक उरते. त्या ऐंशींपैकी निदान पंचाहत्तर टक्के, म्हणजे साठ जागा, ग्रामीण उमेदवारांच्या. एकतृतीयांश जागा मुलींच्या. अनुसूचित जाती आणि जमातींना जिल्ह्यातील त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. इतर मागासवर्गीयांना सत्तावीस टक्के. शिवाय दिव्यांग मुलांसाठी राखीव. या सर्व वाटण्या एकमेकींवरून आडव्या-उभ्या जाणाऱ्या असल्यामुळे ज्याला आपण बोलीभाषेत ‘कटऑफ’ म्हणतो, ती एकच एक रेषा येथे अस्तित्वातच नसते. प्रत्येक गटाची रेषा निराळी, प्रत्येक वर्षाची निराळी, आणि शेजारच्या जिल्ह्याची तर आणखीच निराळी. जो मुलगा नाशिक जिल्ह्यात थोडक्यात राहिला तो अन्य एखाद्या जिल्ह्यात सहज लागला असता, आणि जी मुलगी यंदा लागली ती गेल्या साली कदाचित प्रतीक्षा यादीत राहिली असती. म्हणून मी प्रथमच सांगून टाकतो की, हा निकाल म्हणजे मुलाच्या बुद्धीविषयीचा निवाडा नसून जागांच्या वाटपाचा हिशेब आहे, आणि या दोन गोष्टींची गफलत केल्यामुळे आमच्या घराघरांतून दरवर्षी जे दुःख उत्पन्न होते ते पुष्कळ अंशी अनावश्यक आहे.

परीक्षेचे स्वरूप एकदा नीट समजून घेतले पाहिजे. दोन तासांत ऐंशी प्रश्न आणि शंभर गुण. म्हणजे प्रश्नामागे सव्वा गुण. त्यांतील चाळीस प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, मानसिक क्षमता चाचणीचे. वीस प्रश्न अंकगणिताचे. वीस भाषेचे, आणि त्या भाषेच्या प्रश्नांत व्याकरणाच्या पाठांतराला वाव नसून चार उतारे वाचून प्रत्येकावरील पाच प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. मुलास ही परीक्षा मराठीतून देता येते. उत्तर लिहावयाचे नसते, उत्तरपत्रिकेवरील वर्तुळ काळे करावयाचे असते, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. हा शेवटचा नियम साधा दिसतो, पण मोठ्यांच्या परीक्षांची धास्ती मनात बाळगणारे कित्येक पालक मुलांना ‘येत नसेल तर सोडून दे’ असा सल्ला देतात आणि त्यांचे गुण आपल्याच हाताने घालवतात. येथे एकही वर्तुळ कोरे ठेवण्याचे कारण नाही.

मानसिक क्षमतेचे जे चाळीस प्रश्न, त्यांत शब्द जवळजवळ नसतात. चार आकृत्यांपैकी गटात न बसणारी कोणती, दिलेल्या आकृतीशी तंतोतंत जुळणारी कोणती, अपुऱ्या नक्षीचा राहिलेला कोपरा कोणता, मालिकेत पुढे काय येईल, आरशात ही आकृती कशी दिसेल, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडला असता भोके कोठे कोठे पडलेली असतील, गुंतागुंतीच्या रेषांत ही लहानशी आकृती कोठे दडली आहे, अशा प्रकारचे दहा विभाग, प्रत्येकी चार प्रश्नांचे. या रचनेमागे एक उदात्त कल्पना आहे, आणि ती समजून घेतल्याखेरीज तिच्या ऱ्हासाचे मर्म कळणार नाही. ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे आणि ज्याच्या घरात फक्त शाळेने दिलेली पाठ्यपुस्तके आहेत, अशा दोन मुलांना भाषेच्या किंवा सामान्यज्ञानाच्या प्रश्नांवर तोलले तर पहिले सहजच जड भरणार. पण आकृतीपुढे दोघेही सारखेच निःशस्त्र असतील, म्हणून आकृती विचारावी, असा तो विचार होता. पुस्तक नसलेल्या घराला न्याय देण्यासाठीच हे चाळीस प्रश्न योजलेले होते.

बुद्धी मोजण्याच्या या शास्त्राचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी जी पहिली कसोटी तयार केली, ती हुशार मुलांची निवड करण्यासाठी नव्हती. ज्या मुलांना शाळेत मागे पडल्यामुळे अधिक साहाय्य द्यावयास हवे, ती ओळखण्यासाठी होती. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात त्या कसोटीचे कन्नड आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केले, आणि बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे अनेक दशके वापरात राहिली. हुशार मुलांना वेगळे काढून वेगळे शिक्षण देण्याचा प्रयोगही महाराष्ट्रास नवा नाही. पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि तिच्या प्रशालेत बुद्धिमापन कसोट्यांच्या आधारे मुले घेतली जात आली आहेत. परंतु मदत कोणाला द्यावी हे शोधण्यासाठी निर्माण झालेले साधन, दरवाजा कोणाला उघडावा आणि कोणाला लावावा हे ठरविण्यासाठी वापरले जाऊ लागले की त्याचा स्वभाव बदलतो. दरवाजापाशी गर्दी असते, आणि गर्दीत पुढे जाण्याची युक्ती शिकविणारे लोक तेथे येतातच.

इंग्लंडमध्ये हे आपल्यापूर्वी घडून गेले. १९४४ च्या बटलर कायद्यानंतर तेथे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन काही मुलांना ग्रामर स्कूलमध्ये आणि बाकीच्यांना अन्य शाळांत पाठविण्याची पद्धत देशभर रूढ झाली, आणि ती ‘इलेव्हन प्लस’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सिरिल बर्ट यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले होते की बुद्धी ही मुख्यतः जन्मतः ठरते आणि अकराव्या वर्षी ती विश्वासाने मोजता येते. १९५० च्या दशकात फिलिप व्हर्नन यांच्या अभ्यासाने दाखवून दिले की, या बुद्धिचाचण्यांचा सराव आणि शिकवणी मिळाली की मुलांचे गुण लक्षात येण्याइतके वाढतात. म्हणजे जे शिकवून येत नाही असे मानले जात होते, ते शिकवून येत होते. त्याहूनही बोलकी गोष्ट अशी की, त्या वयात मुलींचे गुण सरासरीने मुलांपेक्षा अधिक पडत, तेव्हा अनेक स्थानिक अधिकाऱ्यांनी मुलींसाठी उत्तीर्णतेची मर्यादा वर नेऊन ठेवली, कारण जागा मुलांसाठी आणि मुलींसाठी ठरावीक होत्या. ज्या मुलीला ‘तू नापास झालीस’ असे सांगण्यात आले तिला खरे म्हणजे ‘तुझ्यासाठी जागा नाही’ एवढेच सांगणे प्रामाणिकपणाचे झाले असते. १९६५ मध्ये तेथील सरकारने एका परिपत्रकाद्वारे स्थानिक अधिकाऱ्यांस ही विभागणी मोडीत काढण्याची विनंती केली, आणि बहुतेक ठिकाणी ती गेली. तरीही इंग्लंडात १६३ ग्रामर शाळा आजही उरल्या आहेत, आणि केंट किंवा बकिंगहॅमशायर या परगण्यांत नोकरीनिमित्त जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांतही दहा वर्षांच्या मुलाची संध्याकाळ याच परीक्षेच्या सरावात जाते, असे तिकडून येणारे लोक सांगतात. माणसे समुद्र ओलांडून गेली, पण चाळणी चुकली नाही.

व्हर्नन यांनी जे तेथे दाखविले ते आपण येथे उघड्या डोळ्यांनी पाहत आहोत. नाशिकरोडच्या रस्त्यांवर नवोदयच्या क्लासचे फलक लागलेले असतात. चौथीच्या मुलाला घरापासून दूर ठेवून वर्षभर याच परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या निवासी अकादम्या महाराष्ट्रात निघालेल्या आहेत. आणि जी आकृती गरिबाच्या मुलाला न्याय देण्यासाठी योजलेली होती, तिचे दहाही प्रकार, त्यांतील ठरावीक खाचाखोचांसह, फी भरणाऱ्याला आता पाठ करून दिले जातात. ज्या मुलाने पाचशे वेळा घडीचा कागद उलगडून पाहिला आहे आणि ज्याने तो परीक्षेच्या दालनातच प्रथम पाहिला, त्यांच्यात बुद्धीचे अंतर किती आणि परिचयाचे किती, हे सांगण्याचे सामर्थ्य कोणत्याही उत्तरपत्रिकेत नाही. दीड मिनिटात एक प्रश्न सोडवावयाचा असताना, विचारले काय आहे हे समजण्यातच ज्याचे पहिले मिनिट जाते त्याला आपण मंद म्हणणार काय?

तथापि या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. आमच्या जिल्ह्यात, आणि महाराष्ट्रभर, जिल्हा परिषदेच्या शाळांत असे शिक्षक आहेत की जे शाळा भरण्यापूर्वी तासभर आधी येऊन, एक पैसा न घेता, मुलांकडून हे सर्व प्रकार करवून घेतात, स्वतःच्या खर्चाने सराव प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढतात, आणि एखाद्या वर्षी त्यांच्या एकाच शाळेची दोन-तीन मुले नवोदयला लागतात. गाव त्यांची मिरवणूक काढते, आणि ती काढलीच पाहिजे. पण शेजारच्या गावात असा शिक्षक नसतो, किंवा असतो पण त्याच्याकडे चार इयत्ता एकत्र असतात आणि त्यातून वेळ उरत नाही. तेव्हा त्या गावचे एकही मूल लागत नाही, आणि तेथील लोक आपल्या मुलांनाच दोष देऊन मोकळे होतात. निवडीचा आधार मुलाची योग्यता हा असावा असे ठरले होते. प्रत्यक्षात तो पुष्कळदा शिक्षकाचा उत्साह हा असतो, आणि तोही नसेल तेथे पालकाचा खिसा.

आता त्या हद्दीच्या प्रश्नाकडे वळू, कारण एकलहरे, सामनगाव, हिंगणवेढे या पट्ट्यातील लोकांना त्याचे विशेष अगत्य असले पाहिजे. ग्रामीण कोट्यातून प्रवेश मागणाऱ्या उमेदवाराने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण काळ काढलेली असली पाहिजेत. त्या तीन वर्षांत शहरी भागातील शाळेत एक दिवस जरी तो शिकला असेल तरी तो शहरी उमेदवार गणला जातो. घर कोठे आहे हे येथे निर्णायक नाही. शाळा कोठे आहे हे निर्णायक आहे. आता महाराष्ट्रातील शाळांची परंपरागत रचना लक्षात घ्या. आपल्याकडे प्राथमिक शाळा पुष्कळ ठिकाणी चौथीपर्यंतच असते आणि पाचवीपासून माध्यमिक शाळा सुरू होते. शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला घेतली जात असे आणि २०१६-१७ मध्ये ती पाचवी आणि आठवीकडे नेण्यात आली होती, या फेरबदलातही या जुन्या आणि नव्या रचनांची ओढाताणच दिसून येते. अशा स्थितीत गावच्या शाळेत चौथी झालेले मूल पाचवीला जवळच्या मोठ्या हायस्कुलात घालणे ही पालकाच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक गोष्ट असते, आणि एकलहऱ्याच्या आसपास जवळचे मोठे हायस्कूल बहुधा महापालिकेच्या हद्दीत नाशिकरोडला असते. बापाने मुलाच्या भल्यासाठी जूनमध्ये जो दाखला हलविला, त्याने साठ राखीव जागांतून त्याचे नाव कायमचे काढून टाकलेले असते, आणि ही गोष्ट त्याला अर्ज भरताना, म्हणजे जेव्हा काहीच करता येण्यासारखे उरलेले नसते तेव्हा, कळते.

नियम चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. शहराच्या शाळेत शिकवून फक्त अर्जापुरते गावचे रहिवासी होणारे लोक आपल्यात कमी नाहीत, आणि त्यांना अटकाव करण्यासाठी एखादी कठोर रेषा ओढावीच लागते. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या मुलांसाठी राखलेली जागा चलाख नागरिकाने बळकावू नये, एवढाच त्या रेषेचा उद्देश आहे. पण रेषा जितकी कठोर तितकी तिची वर्दी आधी दिली पाहिजे, हा राज्यकारभाराचा साधा शिरस्ता आहे. चौथीचा दाखला देताना मुख्याध्यापकाने पालकास ‘पाचवीला शहरात गेलात तर नवोदयचा ग्रामीण कोटा गेला’ एवढे एक वाक्य सांगावे, किंवा तशी छापील सूचना दाखल्यासोबत द्यावी, यासाठी कोणत्याही मंत्रालयाच्या मंजुरीची आवश्यकता नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या एका परिपत्रकाने हे काम होण्यासारखे आहे.

आणखी एक नियम पालकांच्या पचनी पडत नाही, तो म्हणजे ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पाचवीत शिकत असताना, आणि ज्या जिल्ह्यात शिकत आहात त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी. सहावीच्या प्रवेशासाठी दुसरी संधी नाही. दहा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी ताप आला तर काय, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे. पण दुसरी संधी दिली तर काय होईल याचाही विचार केला पाहिजे: दुसऱ्यांदा बसता यावे म्हणून मुलाला मुद्दाम पुन्हा पाचवीत बसविणारे पालक गावोगावी निघतील, आणि ज्याला वर्ष वाया घालविण्याची ऐपत आहे त्याचाच त्यात फायदा होईल. हा नियम मला कठोर पण योग्य वाटतो. मात्र नववीत आणि अकरावीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी नवोदयची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा होते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्या जागा आज केवळ गळतीतून उरलेल्या असतात. नववीच्या काही जागा हेतुपुरस्सर राखून ठेवल्या आणि जी मुले दहाव्या वर्षी नव्हे तर तेराव्या-चौदाव्या वर्षी फुलतात त्यांच्यासाठी त्या खुल्या केल्या, तर या व्यवस्थेतील मोठाच दोष दूर होईल. मुलांची समज एकाच वयात, एकाच दिवशी परिपक्व होते असे कोणी शहाणा शिक्षक म्हणणार नाही.

नवोदयला लागणे म्हणजे काय, याचीही पुरेशी जाणीव घरात असावयास हवी. दहा-अकरा वर्षांचे मूल घर सोडून वसतिगृहात राहणार. आठवीपर्यंत त्याचे शिक्षण मुख्यतः मराठीतून आणि पुढे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रे हिंदीतून होणार. आणि राष्ट्रीय एकात्मतेच्या धोरणानुसार नववीतील तीस टक्के विद्यार्थी वर्षभरासाठी हिंदी भाषिक प्रदेशातील विद्यालयात जाणार व तिकडचे इकडे येणार. ही अदलाबदल मला या सर्व योजनेतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, परंतु ज्या आईला ती आठवीच्या शेवटी प्रथम कळते तिला ती सुंदर वाटत नाही. शुल्काविषयीही गैरसमज असतो: आठवीपर्यंत काही द्यावे लागत नाही, आणि नववीपासून विकासनिधीपोटी जी माफक मासिक रक्कम घेतली जाते, तिच्यातून मुली, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालील विद्यार्थी मुक्त असतात.

नवोदयखेरीज साताऱ्याची सैनिक शाळा (देशातील पहिली, १९६१ ची), डेहराडूनचे राष्ट्रीय भारतीय सैनिक महाविद्यालय, आदिवासी विकास आयुक्तालयाच्या देखरेखीखालील एकलव्य निवासी शाळा, या सर्वांच्या परीक्षा निराळ्या, आणि एका परीक्षेची तयारी दुसरीला पुरते असे मानून मुलाला सगळीकडे बसविण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याविषयी एवढेच म्हणतो की मुलाला खेळण्यासाठीही काही संध्याकाळी लागतात.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याचे तेरावे कलम शाळाप्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्यास मनाई करते. नवोदय विद्यालयांस कायद्याने विशेष वर्गात गणले आणि त्यांची परीक्षा चालू राहिली. या अपवादाला माझा विरोध नाही; ऐंशी जागांसाठी कोणती तरी निवड करणे भागच आहे, आणि चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा परीक्षा बरी. परंतु अपवाद असा असला की त्याने आपले मूळ प्रयोजन पाळलेच पाहिजे. आकृत्यांचा सराव जर शिकवून येण्यासारखा आहे, आणि तो आहेच, तर तो विकत घ्यावा लागू नये. नाशिक जिल्हा परिषदेने आपल्या प्रत्येक शाळेत चौथी आणि पाचवीच्या सर्व मुलांसाठी आठवड्यातून दोन तास या चाळीस प्रश्नांच्या दहा प्रकारांना द्यावेत. जे शिक्षक आज स्वतःच्या हौसेने हे करीत आहेत त्यांच्याकडूनच एक सराव पुस्तिका तयार करून घ्यावी आणि ती सर्व शाळांना मोफत पोहोचवावी. सर्वांना सारखा सराव मिळाला म्हणजे सर्व मुले लागतील असे नव्हे. जागा ऐंशीच राहणार. पण मग जी मुले लागतील ती शिकवणीमुळे लागली असे तरी कोणी म्हणणार नाही, आणि सुरगाण्याच्या पाड्यावरील मूल आणि नाशिकरोडच्या क्लासमधील मूल यांची गाठ निदान सारख्या तयारीनिशी पडेल.

पालकांना एक विनंती आहे. पुढच्या यादीत आपल्या मुलाचे नाव आले तर आनंद करा, आणि नाही आले तर त्या मुलासमोर त्याच्या बुद्धीविषयी काही बोलू नका, कारण त्या यादीने तिच्याविषयी काही सांगितलेलेच नाही. खेडगावला ऐंशी मुले जातील. एकलहरे, सामनगाव, हिंगणवेढे येथील बाकीची सगळी मुले जूनमध्ये इथल्याच सहावीत बसणार आहेत. त्या सहावीला गणिताचा शिक्षक आहे की नाही, प्रयोगशाळेच्या खोलीला कुलूप आहे की ती उघडी आहे, वाचनालयात पुस्तके आहेत की नुसते कपाट आहे, हे पाहण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला कायद्यानेच दिला आहे. नवोदयच्या अर्जाची मुदत टळू नये म्हणून आपण जितकी धावपळ करता, तितकीच त्या समितीच्या पुढच्या बैठकीला हजर राहण्यासाठी करा.